चार चित्रांचा मफलर

आत्याच्या वहीत नव्या चित्रपटाला सहाच्या वर गुण मिळाल्याचं उदाहरण नव्हतं. भाची पाच वर्षांची असल्यापासून दर रविवारी दोघी मिळून एक कार्टून चित्रपट पाहायच्या, आणि तो संपला की आत्या चष्मा सावरून दहापैकी गुण मांडायची. हातानं काढलेल्या जुन्यांना आठ, क्वचित नऊ. पुढे लोकांनी स्वस्तात उरकायला सुरुवात केली आणि पळणाऱ्या सशामागून तेच झाड पाचपाचदा जायला लागलं, त्या काळातल्यांना तीन. कॉम्प्युटरवरचे पहिलेवहिले, तुळतुळीत बाहुल्यांचे, कसेबसे चार. आणि अलीकडचे?

"केस न् केस दिसतो गं, मान्य," आत्या म्हणायची. "पण मेले दोन मिनिटं गप्प बसतील तर शपथ! पोरांनी विचार करायचा कधी?"

आणि सहा लिहून वही मिटायची.

तिला बोलायचा अधिकार होता. बावीस वर्षं तिनं एका स्टुडिओत रंग भरले होते. पारदर्शक शीटवर पुढून रेषा काढलेली असायची, ती पालथी घालून मागून रंग भरायचा. हातात पांढरे सुती मोजे, कारण बोटाचा ठसा उमटला की शीट बाद. सेकंदाला चोवीस चित्रं. दिवसभर मान मोडून काम करावं, तेव्हा कुठे पडद्यावर बदकाचं पिल्लू एकदा मागे वळून बघणार.

त्या बदकाच्या चित्रपटालाही तिनं नऊच दिले होते. एक गुण स्वतःच कापला होता. झालं होतं असं, की ती पिल्लाचा लाल मफलर रंगवत असताना धाकट्या भावाचा स्टुडिओत फोन आला, "ताई, मुलगी झाली!" आनंदाच्या भरात बाईंनी ब्रश शेजारच्या बाटलीत बुडवला आणि चार शीटवर पिवळा मफलर रंगवून मोकळ्या झाल्या. चूक कळली ती थेट पडद्यावर. साहेब म्हणाले, पापणी लवायच्या आत निघून जातं, कुणाला दिसणार आहे? पुढे ते दिसलं एकाच माणसाला, आणि तेही सात वर्षांच्या. "आत्या, मफलर पिवळा झाला!" भाची ओरडली होती. "तुझ्याचमुळे झाला, भवाने," असं म्हणून आत्यानं तिला जवळ ओढलं होतं. तेव्हापासून ती जागा आली की दोघी एकमेकींना हळूच चिमटा काढायच्या.

आता भाची तिशीची होती. एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे, पण ही भिंगरी चार वर्षं एकाच चित्रपटावर बसली होती. त्यात एक हत्तीचं पिल्लू होतं, आणि त्याच्या गळ्यातला मफलर वाऱ्यावर कसा उडेल, एवढंच तिचं काम. "चार वर्षं एका मफलरावर?" आत्या म्हणाली होती. "तेवढ्यात आम्ही अख्खं जंगल रंगवलं असतं!"

चित्रपट लागायच्या आदल्या आठवड्यात भिंगरी घरी आली. "रविवारी माझ्याबरोबर यायचं. आणि गुण द्यायचे. माझा म्हणून वाढवून दिलेस तर मला कळेल हं, आत्या."

झालं! आत्याची झोप उडाली. खोटे गुण द्यावेत तर पोरगी ओळखणार, खरे द्यावेत तर तिच्या चार वर्षांवर पाणी. स्वतःच्या लेकरासारखी वाढवलेली मुलगी. तिला सहा कोणत्या तोंडानं द्यायचे? वही हरवली म्हणून सांगावं, इथवर तिचा विचार गेला.

रविवारी ती थिएटरात बसली ती वही पर्समध्ये घट्ट धरूनच. सुरुवातीला सगळे प्राणी नेहमीसारखे बडबडत होते आणि आत्याला वहीतला सहाचा आकडा आत्ताच दिसायला लागला होता. मग कळपापासून चुकलेलं पिल्लू बर्फात एकटं उभं राहिलं. कुणी बोलेना. गाणंही नाही. नुसता वारा आणि त्याचा श्वास. मागच्या रांगेतलं रडणारं बाळसुद्धा गप्प झालं. आत्या ताठ बसली. हे कुणीतरी जीव लावून केलं होतं. पिल्लानं मागे वळून पाहिलं, लाल मफलर वाऱ्यावर उडाला, आणि पिवळा झाला. लगेच पुन्हा लाल.

भिंगरीनं तिच्या दंडाला हळूच चिमटा काढला. आत्याला पुढचा पडदा काही वेळ दिसलाच नाही. डोळे पुसावे लागले.

बाहेर पडताना ती म्हणाली, "कॉम्प्युटर असली चूक करत नाही ना गं?"

"नाही करत. मी केली. साहेबांनी दोनदा दुरुस्त करायला लावली, मी दोनदा परत पिवळा केला. शेवटी म्हणाले, राहू दे, कुणाला दिसणार आहे?"

जिन्याजवळच्या बाकावर बसून आत्यानं वही काढली. भिंगरी खांद्यावरून वाकून पाहत होती. आत्यानं बराच वेळ घेतला आणि नऊ लिहिले.

"खरे?"

"खरे."

"मग एक का कापलास?"

"चार चित्रांत मफलर चुकलाय," आत्या म्हणाली. "माझाही कापला होता."