सहादूच्या नावावर

सावळीरामने गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत सारली, वरचं बटण लावलं आणि तो मागच्या दाराने 'गोदाई परमिट रूम'मध्ये शिरला. पुढच्या दाराने तो कधीच येत नसे. पुढे द्वारकेचा चौक, ट्रकवाले, टपऱ्या, ओळखीची माणसं. माळकऱ्याला बिअरच्या दुकानात शिरताना कुणी पाहावं, इतका तो खुळा नव्हता. मागून यायचं तर मुतारी आणि उष्ट्याच्या बादल्या ओलांडाव्या लागत. देवासाठी माणूस काय काय सोसतो.

आत खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. सहादू रात्रीच्या रिकाम्या बाटल्या खोक्यात भरत होता. कोपऱ्यातली एकच खुर्ची सरळ होती आणि तिच्यावर परवान्यांच्या कचेरीतला पिंगळे बसला होता. त्याच्यापुढे सकाळी सकाळी बिअर होती. तिचं बिल होणार नव्हतं हे सांगायला नकोच.

"शेठ, यंदाचं नूतनीकरण माझ्या हातात राहिलं नाही," पिंगळे मिशीवरचा फेस पुसत म्हणाला. "नवा साहेब आलाय. परवाना ज्याच्या नावावर, त्याला समोर उभा करतो आणि विचारतो, धंदा तुझाच का? नुसती फी भरून शिक्का मिळायचे दिवस गेले."

"मग सांगेल की सहादू. पढवून ठेवतो."

"नीट पढवा. चौकापलीकडं ती नवी शाळा निघालीये. जुना परवाना आहे तोवर तुम्हाला कुणी हात लावत नाही. पण हा एकदा पडला, तर या जागेला दुसरा मिळायचा नाही. तुमच्या नावावर नाही आणि ब्रह्मदेवाच्या नावावरही नाही. अंतराचा नियम आडवा येतो. मग रसवंती टाका इथं."

पिंगळेने ग्लास रिकामा केला, टोपी घातली आणि तो पुढच्या दाराने निघून गेला. सावळीराम त्याच्या पाठीकडे बघत राहिला. फुकट्या मेला. सावळीरामला दारूच्या वासाशी संबंध असलेल्या प्रत्येक माणसाची किळस होती. सातपूरच्या कारखान्यांतले ते सुपरवायझर, पगार झाला की इथे येऊन एक दिवसाचा परवाना फाडून घेणारे. त्या कागदावर छापलेलं असे की ह्या इसमास प्रकृतीसाठी मद्याची आवश्यकता आहे, आणि तो इसम प्रकृती सुधारता सुधारता टेबलाखाली जात असे. त्यांना पाणी घालणारे वेटर, त्यांना शेंगदाणे विकणारा भय्या, सगळे त्याच्या लेखी वाया गेलेले होते. स्वतः त्याने बिअरला कधी बोट लावलं नव्हतं. गल्ला तेवढा तो घरी न्यायचा, आणि तोही घरी गेल्यावर आंघोळ करून मोजायचा.

भिंतीवर चौकटीत परवाना होता. त्यावर नाव होतं सहादू भिकन पगारे. तेच नाव, कायद्याप्रमाणे, दारावरच्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत रंगवलेलं होतं. सहादू सावळीरामच्या कांद्याच्या गोडाऊनचा हमाल. नामपूरच्या मार्केटातून माल यायचा, सहादू तो उतरवायचा. पाच वर्षांपूर्वी सावळीरामने त्याला एका कागदावर सही करायला सांगितली आणि सहादूने केली. तेव्हापासून तो दिवसा हमाल आणि संध्याकाळी मालक होता. मालकाची कामं म्हणजे ग्लास विसळणं आणि झिंगलेल्यांना रिक्षात बसवणं.

"ऐकलंस ना पिंगळेचं?" सावळीराम म्हणाला. "सोमवारी जायचंय. स्वच्छ सदरा घाल. नसेल तर माझा जुना देतो."

सहादूने हातातली बाटली खोक्यात ठेवली आणि हात पुसले.

"शेठ, एक बोलायचं होतं."

"बोल."

"यंदा माझं नाव काढा."

सावळीराम हसला. त्याला ही माणसं पाठ होती. "पगार वाढवून पायजे असेल तर सरळ माग. नाटकं करू नकोस."

"पगाराचं नाय. आमच्या कॉलनीत विहार बांधताय. ज्याला जे जमंल ते देतंय. मी दोन गोण्या सिमिट दिली. हमालीच्या पैशातून घेतलेली, हितल्या नाय. कमिटीनं हातगाडीवर घालून माघारी धाडली. सगळी आळी बघत होती. दारात उतरवून गेले."

"का म्हणून?"

"पाटीवर नाव हाय ना. बिअर बारच्या मालकाचं नको म्हणले."

आता मात्र सावळीरामला हसू आवरेना. तो काउंटरला टेकून पोट धरून हसला. "मालक! अरे, लोक तुला मालक म्हणायला लागले आणि तू रडतोस?"

सहादू हसला नाही. "बायको माझी, मालन, त्या गोण्यांवर बसून रडली, शेठ. रविवारी वंदना असती आमची. पाच शीलं म्हणायची असत्यात. पाचवं दारूचंच हाय. मी म्हणाय लागलो की मागून पोरं खोकतात. आता मी चार म्हणतो आन् पाचव्याला गप बसतो."

"तुमच्यात कधीपासून आलं हे सोवळं?"

"पयल्यापासून हाय."

"असेल. पण तुझ्या नावाला असा काय मोठा डाग पडणार आहे, सहादू? कोण विचारतं? माझं तसं नाही. माझ्या गळ्यात माळ आहे. सप्ताहाचा यजमान असतो मी. मला कसं चालेल?"

हे त्याने अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. सप्ताहाच्या पंगतीतलं तूप, मंडप आणि बुवांचं मानधन ह्याच गल्ल्यातून जायचं, आणि दरवर्षी त्याला हार पडायचा, फेटा बांधला जायचा. त्याची वर्गणी कुणी हातगाडीवर घालून परत आणली नव्हती. अशी काही तुलना असते हे त्याच्या मनातही आलं नाही.

"शील तुमचं आन् माझं..." सहादूने बोलायला सुरुवात केली.

"तुनं डोकं फिरनं का?" सावळीराम ओरडला. राग आला की त्याच्या तोंडी गावाकडची अहिराणी यायची. मग त्याने घसा खाकरला आणि शहरातली भाषा परत घेतली. "सोमवारी तिथं जायचं आणि पढवलंय ते बोलायचं. नाहीतर मंगळवारपासून गोडाऊनला यायचं नाही. दुसरीकडं कोण ठेवून घेतो बघतो मी. सगळे आडते माझ्या ओळखीचे आहेत."

सहादूने खोका उचलला. दाराशी जाऊन तो थांबला.

"येतो सोमवारी," तो म्हणाला.

सावळीराम निश्चिंत झाला. ह्या लोकांचा राग म्हणजे दुधाला आलेला ऊत, फुंकर घातली की खाली. मागच्या दाराने बाहेर पडताना त्याने माळ पुन्हा वर काढली.

सोमवारी जीपमध्ये त्याने सहादूची उजळणी घेतली.

"धंदा कुणाचा?"

"माझा."

"भांडवल?"

"माझं."

"सावळीरामशेठ कोण?"

"जागेचे मालक. मी भाडेकरू."

"शाबास. पोपटासारखं बोल फक्त. जास्त शहाणपणा नको."

कचेरीच्या कुंपणापाशी त्याने सहादूला उतरवलं, फी भरल्याचं चलन त्याच्या हातात दिलं आणि स्वतः रस्त्यापलीकडे उसाच्या गाडीजवळ जाऊन उभा राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर दुसरा इलाज नव्हता. आत जाणं म्हणजे आपला काही संबंध आहे असं कबूल करणं. तिथून त्याला कचेरीचा व्हरांडा दिसत होता. देशी दारूच्या दुकानांचे मालक, ताडीवाले, परमिट रूमवाले आपापल्या कागदांची भेंडोळी घेऊन बाकांवर बसले होते, एकमेकांना तंबाखू देत होते. स्वतःच्या नावावर उजळ माथ्याने दारू विकतात, सावळीरामने मनात म्हटलं, थोडी तरी लाज हवी होती.

सहादूला बराच वेळ लागला. सावळीरामचा रस पिऊन झाला, दुसरा घेऊन झाला. गोदाई बंद पडली तर नुसत्या कांद्यावर हा डोलारा उभा राहायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण सहादू काय करणार? सहादूची छाती केवढी.

"रामकृष्णहरी, शेठ! तुम्ही इकडं कुठं?"

सावळीराम दचकला. सप्ताहात कीर्तन करणारे केरूबुवा दोन टाळकऱ्यांसह समोर उभे होते. शेजारच्या कचेरीत कर्ण्याची परवानगी मागायला आले होते.

"रामकृष्णहरी, बुवा. कांद्याच्या वॅगनचं जरा काम होतं," सावळीराम म्हणाला. कांद्याच्या वॅगनचं काम उसाच्या गाडीवर कसं होतं, हे बुवांनी विचारलं नाही. साधा माणूस.

तेवढ्यात सहादू कचेरीतून बाहेर आला. त्याने रस्ता ओलांडला आणि तो सरळ त्यांच्याच दिशेने चालत आला. सावळीरामने डोळ्यांनी खुणावलं, भुवया वर केल्या, मानेने नाही म्हटलं. सहादू आला तो आलाच.

"हा द्वारकेचा बिअरवाला ना?" केरूबुवा हळूच म्हणाले. "पाटी वाचतो मी जाता-येता. तुमच्याच इमारतीत आहे."

"काय करता, बुवा. भाडेकरू. कोर्टात गेल्याशिवाय हे लोक निघत नाहीत," सावळीराम म्हणाला. हे वाक्य त्याने पाच वर्षं ठिकठिकाणी वापरलं होतं आणि ते चांगलं गुळगुळीत झालं होतं. ते सहादूच्या कानावर पडलं असावं. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"शेठ, परवाना परत केला," सहादू म्हणाला. "तसा अर्ज दिला. सायबानं दोनदा विचारलं, मग सही करून घेतला. एकतीस तारखेपासून बंद."

सावळीरामच्या कानात काहीतरी वाजायला लागलं. उसाच्या गाडीचे घुंगरू असतील.

"परत केला?" केरूबुवा पुढे झाले. "म्हणजे बाबा, दारू विकायची सोडलीस?"

"व्हय, बुवा."

"कशानं सुचलं रे तुला?"

सहादूने सावळीरामकडे पाहिलं. इतकी वर्षं तो त्याच्याकडे पाहताना मान थोडी खाली ठेवून पाहायचा. आता त्याने नीट समोरून, सावकाश पाहिलं, गोणीतला कांदा सडकाय का चांगला हे बघावं तसं.

"शेठनं सांगितलं," तो म्हणाला. "माझ्या जागेत हे नको म्हणले. पाप हाय म्हणले. लय समजावलं मला."

"आणि आता पोटाचं काय?"

"गोडाऊनला हाय की मी. कायम ठेवतो म्हणून शेठनं शब्द दिलाय. व्हय ना, शेठ?"

चार-पाच माणसं जमली होती. उसाच्या गाडीवाल्याने चाक थांबवलं होतं. व्हरांड्यातले ताडीवालेही इकडे बघत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो.

"हो," तो म्हणाला. "दिलाय."

केरूबुवांचे डोळे भरून आले. त्यांनी सावळीरामचे दोन्ही हात हातात घेतले. "शेठ, क्षमा करा आम्हाला. आम्ही पाठीमागं काय काय बोलायचो तुमच्याबद्दल! म्हणायचो, शेठचं वरून कीर्तन नि आतून तमाशा. आमचीच जीभ झडो. यंदाच्या सप्ताहात हे मी कीर्तनात सांगणार. नाव घेऊन सांगणार."

माळकऱ्यांच्या रीतीप्रमाणे बुवा सावळीरामच्या पाया पडले. सावळीराम बुवांच्या पाया पडला. मग बुवा वळले आणि सहादू मागे सरायच्या आत त्यांनी त्याच्याही पायांना हात लावून कपाळाला लावला. दोघे टाळकरी त्यांच्यामागून वाकले. रीत ती रीत, तिथे लहान-मोठं बघत नाहीत, हे सावळीराम दरवर्षी मंडपात माईकवरून सांगत असे.

आता सगळे त्याच्याकडे बघत होते.

सावळीराम वाकला. गुडघे कुरकुरले, माळ सदऱ्याबाहेर लोंबली. त्याचा हात सहादूच्या धुळीने माखलेल्या चपलांपर्यंत गेला.

सहादूने पाय मागे घेतले.

"ऱ्हाऊ द्या, शेठ," तो म्हणाला आणि चौकाकडे चालायला लागला. जीपसाठी तो थांबला नाही.

सावळीराम क्षणभर वाकलेलाच राहिला. मग लोक बघताहेत म्हणून त्याने पाय होते तिथल्या मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"बघा रे," केरूबुवा टाळकऱ्यांना म्हणाले. "ह्याला म्हणतात नम्रता."