शोकेसातली गाडी

मी दुसरीत होतो तेव्हा मामानं दुबईहून रिमोटची गाडी आणली. बाबांनी ती लगेच शोकेसात ठेवून कुलूप लावलं. "तोडून टाकशील तू," म्हणे. नंदनवन कॉलनीतल्या आमच्या घरी पाहुणे यायचे असले, की गाडी नीट दिसावी म्हणून बाहेरून काच पुसायचं काम मात्र माझं.

काल पुण्याहून भावाची पोरगी मयुरा आली. बाबांनी स्वतः नवे सेल टाकून रिमोट तिला दिला. "खेळ बेटा, खेळण्यासाठीच असते."

गाडी फरशीवर धावली, थांबली अन् चक्क उभी राहिली. दारांचे हात झाले, बोनेटातून डोकं निघालं. चाळिशीचा घोडा मी, तोंड वासून बघत राहिलो.

"काका, तुम्हाला माहीत नव्हतं रोबो होतो ते?"

उत्तर बाबांनीच दिलं, "त्याले काय मालूम! त्यानं कधी हातच नाही लावला."