तलावात मासोळी नाही

चारचाकीतून उतरून 'मावशी' म्हणणारा माणूस सरळ नसतो, हे माझ्या सासूचं, सखाबाईचं, ठाम मत. त्यामुळे कैलाश नावाचा तो पोरगा आमच्या ओसरीवर बसून "मावशी, तलावात मासे किती निघतात?" असं विचारू लागला, तेव्हाच तिचे कान टवकारले.

आम्ही मोहाडीकडचे धीवर. गावच्या तलावावर आमचं पोट. मागे असाच एक साहेब गोड बोलून मासोळीची चौकशी करून गेला आणि पाठोपाठ बाहेरचा ठेकेदार तलावावर बोली लावायला आला. त्याला घालवताना आमच्या नाकी नऊ आले होते.

"इथून नवा रस्ता जाऊ शकतो," कैलाश म्हणाला. "त्याआधी पर्यावरणाचा अभ्यास करतोय."

"रस्ता करतेत तं रस्ता मोजा ना," सासू माझ्या कानात पुटपुटली. "मासोळीचं काहून पुसून राहिला हा? ठेकेदाराचाच मानूस हाय."

मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "मासोळी कोठची जी? गाळच गाळ हाय."

"आणि हे जाळं?"

"जुनं हाय. काकडीच्या वेलावर टाकतो, माकडं येतेत."

माझा नवरा बुधराम काही बोलणार, तोच तिनं त्याचा पाय दाबला. मोहल्ल्यात घरोघरी त्या पोराला हेच ऐकायला मिळालं. मी अजूनही म्हणते, सासूचं काही चुकलं नाही. ठेच लागलेला माणूस जपूनच चालणार.

काही महिन्यांनी मोहाडीला जनसुनावणी झाली. बाजाराचा दिवस होता, म्हणून सासू मासोळीची टोपली घेऊनच मंडपात बसली. अधिकाऱ्यानं माइकवर वाचलं, रस्त्यासाठी अर्धा तलाव बुजवणार. पुढे वाचलं, तलावात मासे नाहीत, त्यावर कोणाचाही रोजगार अवलंबून नाही.

बुधराम उठला. "साहेब, आमी रोज मासोळी काहाडतो! तलाव गेला तं खाऊ काय?"

"मग आमचा माणूस घरी आला तेव्हा 'मासे नाहीत' असं का म्हणालात? आता भरपाई दिसली वाटतं," अधिकारी म्हणाला.

मला असा संताप आला! कैलाश मागे खुर्चीत मान खाली घालून बसला होता. सासूनं सरळ पुढे जाऊन टोपली टेबलावर उलटी केली. मरळ जिवंत होत्या, कागदांवर तडफडू लागल्या. अधिकारी खुर्ची मागे सरकवत म्हणाला, "या कुठून आणल्या?"

त्याच्या डोळ्यांत तोच संशय होता, जो आमच्या ओसरीवर सासूच्या डोळ्यांत होता.

"आमच्याच तलावातल्या जी," सासूनं हात जोडले. तिला असं विनवताना मी कधी पाहिलं नव्हतं. "चाला ना. तुमच्या डोळ्यासमोर माहा पोरगा जाळं टाकते."

"पाहणी संपली, बाई," तो म्हणाला. "आज फक्त सुनावणी आहे."