किडकं पान

बाबांची नजर अधू झाली होती, ऐट मात्र शाबूत होती. जुन्या चित्रांची दुरुस्ती करणाऱ्या माणसानं मोतीबिंदू लपवावा! पण कोंबडं झाकून का उजाडायचं राहतं? घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कित्येक वर्षं काम थोरली लेक ओढत होती, नाव बाबांचं होत होतं. त्याचंही तिला काही नव्हतं. तिला फक्त ही कार्यशाळा हवी होती आणि ती आज मिळणार होती. संग्रहालयाचे साहेब ज्येष्ठमधाचं चित्र न्यायला येणार होते, आणि यापुढची कामं हिच्या नावावर द्या, असं बाबा त्यांना सांगणार होते.

चित्र दोनशे वर्षांपूर्वीचं. मुळं, शेंगा, जांभळट फुलं, सगळं बारीक कुंचल्यानं काढलेलं. थोरलीनं डाग काढले, फाटलेली कडा जोडली आणि ती जेवायला आत गेली. तेवढ्यात बाबांना हुक्की आली. खालच्या पानावर त्यांना भोक दिसलं. त्यांनी हिरवा रंग कालवला आणि दिलं बुजवून! जन्मभर कसरीनं खाल्लेला कागदच बुजवत आलेला हात तो. पण इथं कागद धडधाकट होता. चित्रकारापुढच्या रोपाचं पानच अळीनं कुरतडलेलं होतं आणि त्या प्रामाणिक माणसानं ते जसंच्या तसं रंगवलं होतं.

थोरली बाहेर आली तर बाबा कुंचला धूत होते. चित्र पाहून तिनं फडका उचलला. पण रंग टिपावा तर भोवतीचा जुनाही निघाला असता. आणि साहेब दारात उभे.

साहेबांनी भिंग लावलं. "इथलं किडकं पान कुठे गेलं? त्या पानासाठी तर मी हे चित्र निवडलं होतं. कुणी केलं हे?"

बाबांनी मान खाली घातली. थोरलीला ते बघवेना.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली.

तिला वाटलं, बाबा आता म्हणतील, नाही हो साहेब, मीच. निदान गप्प तरी बसतील. कसलं काय! मान लगेच वर झाली.

"मी सांगत होतो हिला, हात लावू नकोस म्हणून. पण ऐकेल तर शपथ! आता धाकट्यालाच बसवतो इथे. कामं त्याच्या नावावर द्या."

धाकट्या भावाला! आजवर त्यानं कुंचला हातात धरला नव्हता.

साहेब चित्र घेऊन गेले. जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थोरलीला रडू आलं नाही, राग आला. रंगाच्या सगळ्या बाटल्या भिंतीवर फोडाव्यात इतका. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही कुणासाठी?

बाबा खुर्चीत टेकले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "काय गं, पण रंग अगदी बेमालूम बसला होता ना? साहेबांना भिंग लावावं लागलं!"

"हो," ती म्हणाली.

बाबा खुशीत हसले. "तेच म्हणतो मी. आणि हे बघ, धाकट्याला रंग कालवायला तूच शिकव. मला आता नीट दिसत नाही."