सोळा गडी की मोठी ओटी

…आणि उलटा केला तर खालून नुसते सोनेरी ठिपके — रांगेत, इतके एकसारखे की कुणी तरी दोरी धरून सरकी टोबली असावी. वजन जवळजवळ नाहीच. तिळाच्या वडीएवढी ती चौकोनी वस्तू तळहातावर आयुष्यरेषेच्या बरोबर मध्यावर बसली होती, आणि शरच्चंद्रांच्या मनात आले, एवढ्याशा तुकड्याला विचार करता येत असेल तर आपल्या डोक्याचा हा एवढा मोठा आकार कशासाठी?

"मेला हाये तो प्रोसेसर, काकाजी. बिनधास्त धरा," दुकानदार धम्मरत्न म्हणाला. "जिता असता तर मी हात नसता लावू देल्ला."

जिते दोन होते, काचेच्या कपाटात, खोक्यांत, शेजारी शेजारी. बुलढाण्याच्या या दुकानात येण्याआधी शरच्चंद्रांनी त्या दोघांविषयी इतके वाचले होते की लेकीसाठी, रेवतीसाठी, स्थळे पाहतानाही इतके वाचले नव्हते. वाचून एवढेच कळले की पहिल्याचे भक्त दुसऱ्याला शिव्या देतात आणि दुसऱ्याचे भक्त पहिल्याला, आणि दोन्ही बाजूंना झोप म्हणून येत नाही. उभा जन्म कृषी सहायक म्हणून काढलेल्या माणसाला यात नवल नव्हते. बियाण्याच्या दोन पिशव्यांवरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेले त्यांनी पाहिले होते.

"हा सोळा कोअरचा, म्हंजे सोळा गड्यांचा," धम्मरत्नने डावीकडच्या खोक्यावर बोट ठेवले. "व्हिडिओ एडिटिंग असो, काही असो, काम वाटून देल्लं की फत्ते. अन् हा आठाचाच, पण याची कॅश, म्हंजे जवळची मेमरी, मोठी. लागन ते सामान हाताशी. गेमिंगले याच्या तोडीचा दुसरा नाही."

म्हणजे ओटी — शरच्चंद्रांना लगेच दिसले. कापूस वेचणाऱ्या बाया, कमरेला बांधलेली ओटी. ती लहान असली की दर थोड्या वेळाने बांधावर जाऊन गाठोड्यात रिकामी करायची, मोठी असली की कपाशीच्या ओळीत सरळ पुढे, पुढे… स्वतःच्या समजुतीवर ते इतके खूश झाले की पुढचा प्रश्न येईल हे विसरूनच गेले.

"मंग तुमचं काम कोणतं, काकाजी? गेमिंग का एडिटिंग?"

मागच्या बाकड्यावर त्यांच्याच गावचा, धामणगाव बढ्याचा, गोकुळ प्रिंटरची शाई घ्यायला बसला होता. इथे 'गेमिंग' म्हटले की तो शब्द एसटीच्या आधी गावात पोचणार.

"एडिटिंग," शरच्चंद्र म्हणाले.

खोटे नव्हते. निवृत्तीनंतर ते किडींच्या नियंत्रणावर व्हिडिओ करत. गुलाबी बोंडअळीचा तर चार भागांत केला होता. पाहणारे थोडे, पण निष्ठावंत, आणि त्यांतले एक ते स्वतः. जुन्या कॉम्प्युटरवर एक व्हिडिओ तयार होईपर्यंत अळीचा पतंग होऊन उडून जाई. तेव्हा सोळा गडी हवेत, यात शंका नव्हती. शंका त्या दुपारपासून सुरू झाली होती — वामकुक्षीतून पाण्यासाठी उठले ती दुपार…

समोरच्या खोलीत बायको, शकुंतला, कॉम्प्युटरपुढे बसलेली. चष्मा नाकावर, पदर खोचलेला. पडद्यावर प्रचंड ट्रक, दोन्ही बाजूंना बर्फ, काचेवर वायपर. दिवाळीला आलेल्या रेवतीने टाकून ठेवलेला तो गेम. त्यांना वाटले होते जावयासाठी. पुढे लाल सिग्नल होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, ना पोलीस ना बकरी, आणि शकुंतला थांबली होती. हिरवा झाला तेव्हा निघण्याआधी तिने बाजूच्या आरशात पाहिले. आरशात पाहायला हिला कुणी शिकवले? मग पुलावर पाऊस लागला, चित्र अडखळले, थिजले. तिने हात मांडीवर घेतले आणि लाइन गेल्यावर बसतात तशी शांत बसून राहिली. चित्र हलले. ती निघाली.

शरच्चंद्र पाणी न पिताच परत फिरले, पलंगावर पडले आणि घोरण्याचा आवाज काढू लागले. तो आपल्याला मुद्दाम काढता येतो हे त्यांना तेव्हाच कळले.

कारण शकुंतला म्हणजे गाडी लागणारी बाई. मोताळा ओलांडला की तिचा चेहरा पांढरा; राजूर घाट चढेपर्यंत लिंबू नाकाशी, पिशवी हातात, डोळे मिटलेले. तिच्यामुळे शेगावपलीकडे जाणे नको, पुणे तर नकोच नको. लेकीच्या घरी ती एकदा गेली आणि चार दिवस त्या घरातली गादीसुद्धा हलते आहे म्हणाली. आणि हीच बाई दुपारी नवरा घोरतो आहे म्हटल्यावर बर्फातून ट्रक नेते. कुठे? काय भरलेले असते त्यात? परत तरी येते का, की रोज पुढेच, पुढेच…

त्यांनी विचारले असते. पण विचारले की तिला कळणार आपण पाहिले, आणि कळले की ती बंद करणार. हसून म्हणेल, "काही नाही हो, असंच," आणि त्या 'असंच'वर कायमचे कुलूप. म्हणून गेमिंगचा घेतला तरी पंचाईत: घरात गेम खेळणारे दुसरे कोण आहे? सोळा गड्यांचा घेतला तर आपली बोंडअळी सुसाट धावेल, आणि तिने मात्र पुलावर थांबायचे.

"धम्मरत्न," ते म्हणाले, "दोन्ही अर्धे अर्धे नाही का बसवता येत?"

हा प्रश्न या जिल्ह्याबाहेर कुणी विचारला नसता. इथे कुणीही पूर्ण वावरात एकच वाण पेरत नाही. अर्ध्यात हे, अर्ध्यात ते, एक बुडाले तर दुसरे तारील. सभांमधून हा सल्ला त्यांनीच माईकवर दिला होता.

गोकुळ बाकड्यावर खदखदला. "डब्यात सोयाबीन-तूर आंतरपीक घेता काय, काकाजी!"

"एका बोर्डावर एकच बसते," धम्मरत्न गंभीरपणे म्हणाला. "लग्नासारखं हाये."

"अन् बोर्ड?"

"याचा तोच त्याचा. मांडव एकच, फक्त नवरदेव ठरवा."

शरच्चंद्र मेलेला प्रोसेसर अजून कुरवाळत होते. तो त्यांनी परत दिला आणि म्हणाले, उद्या फोन करतो.

"दोनी बाजूले ठेवतो. पण उद्या सांगाच," धम्मरत्न म्हणाला. "चिखलीची एक पार्टी मांगं लागून राह्यली."

परतीच्या एसटीत जागा मिळाली ती अगदी मागची, आणि घाट सुरू झाला तेव्हा त्यांना प्रयोगाची हुक्की आली. प्रयोगाशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हा खात्याचा नियम खात्याने नाही तरी त्यांनी पाळला होता. त्यांनी डोळे मिटले. वळण कोणत्या बाजूला येते ते पाहायचे नाही असे ठरवले. पहिले वळण पोटावरून गेले. दुसऱ्याला पोट जरा उशिरा वळले. तिसऱ्याला घशाशी काही तरी आले आणि ते चकित झाले, म्हणजे हे असे असते… वाकडेतिकडे होण्याचा त्रास नव्हता हा. कुणी तरी दुसराच वळवतो आहे आणि आपल्याला आधी कळत नाही, त्रास त्याचा होता. डोळे उघडले तर पुढे ड्रायव्हर, शेंगदाणे तोंडात टाकत, हातभर स्टिअरिंग फिरवत, मजेत. याला का लागत नाही? रोज घाट उतरतो. याला का…

त्यांनी शेजारच्याला विचारलेसुद्धा. "काहो, ड्रायव्हरले गाडी लागल्याचं कधी ऐकलं काय?"

"त्याले काऊन लागन?" शेजारचा म्हणाला. "त्याले माहीत असते ना कुठं वळाचं ते."

मग घर येईपर्यंत शरच्चंद्र एकेक वळण आठवत राहिले. लग्न झाले, ती त्यांच्या घरी आली. बदली झाली, ती बदलीच्या गावी आली. घर बांधले, स्वयंपाकघर पूर्वेला ठरले, रेवतीला सायन्स ठरले. सगळे चांगलेच ठरले होते, तक्रार कुणाची नव्हती. ती प्रत्येक वेळी मागे बसून होती, डोळे मिटून. तिला विचारले होते का? विचारले असेल. आठवत नव्हते. इतक्या चांगल्या गोष्टींत विचारल्याचे एकही आठवू नये, याचेच त्यांना कुतूहल वाटू लागले.

शकुंतला ओट्यापाशी भाकरी थापत होती. "आणलं का?"

"दोन आहेत." ते दारातच उभे राहिले. चप्पल काढायचे राहून गेले. "एकात गडी जास्त. दुसऱ्याची ओटी मोठी." आणि त्यांनी सगळे समजावून सांगितले: वेचणाऱ्या बाया, बांध, गाठोडे. 'गेम' हा शब्द त्यांनी दोनदा टाळला, आणि तिसऱ्यांदा टाळताना वाक्य अर्धवटच सुटले.

तिने ऐकून घेतले. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले.

"मले त्यातलं काय कळते," ती म्हणाली. आणि भाकरी उलटताना, त्यांच्याकडे न पाहता, "पावसात कोणता थांबत नाही?"

घरात पावसाचा विषय कुणी काढला नव्हता.

तिच्या हातातले उलथणे क्षणभर तसेच राहिले. मग तिने भाकरी विस्तवावर टाकली, ती टम्म फुगली, आणि दोघेही त्या फुगण्याकडे नको इतक्या लक्षाने पाहू लागले. शरच्चंद्रांच्या जिभेवर उत्तर तयार होते: आठाचा, मोठ्या ओटीचा. उत्तरे त्यांच्या जिभेवर नेहमीच तयार असत. शेतकऱ्याने काही विचारले नसले तरी. पण ते गिळून ते बाहेर आले आणि काळ्या, बंद पडद्यापुढे खुर्चीवर बसले.

कुठंवर गेलीस?

हे आपण मनात म्हणालो की मोठ्याने, ते त्यांना समजले नाही. स्वयंपाकघरातला भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता, म्हणजे बहुधा मोठ्यानेच. त्यांनी वळून पाहिले नाही. ती काय म्हणेल याचा त्यांना काडीचा अंदाज नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नव्हता, आणि त्या अंदाज नसण्याने छातीत काही तरी असे हलके, धोकादायक होत होते की तिने अजून थोडा वेळ काही बोलू नये, असेच त्यांना वाटत होते…