अर्धी गोळी

"हिच्या गोळ्या आणता त्या दुकानाचं नाव सांगा," प्राण्यांच्या डॉक्टर म्हणाल्या. "गोळी बनावट निघाली तर मी तक्रार करणार आहे."

काटेमास्तर हातातल्या चादरीची घडी घालू लागले. समोर टेबलावर त्यांची कुत्री, भुरी, कुशीवर पडली होती. तीन दिवसांपूर्वी आलेली फिट फार लांबली आणि तेव्हापासून तिला दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी डोळ्यांसमोर बोट नाचवून पाहिलं, तरी पापणी हलली नाही.

"अरे, सांग ना," त्यांची थोरली बहीण, ताई, म्हणाली. "शेजारीण महिनाभर माझ्या मागे लागलीये, तिच्या मांजरीला औषध हवंय. आणि हा नुसता सांगतो, सांगतो. जशी काही लपवलेली सासुरवाडीच आहे तिथे!"

डॉक्टर हसल्या. मास्तरांना हसता आलं नाही.

काटेमास्तर हे त्यांचं बाजारातलं नाव. छत्तीस वर्षं ते दुकानदारांचे तराजू आणि काटे दुरुस्त करत होते. एका व्यापाऱ्याने पारड्याखाली मेण चिकटवून मागितलं, तेव्हा हत्यारांची पेटी उचलून ते जे निघाले, ते त्या दुकानाकडे पुन्हा फिरकले नाहीत. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले होते. ते बिघडले की कंपनीचा माणूस येई. मास्तरांना आठवड्यातून दोन-तीन कामं मिळत. घरात ते, ताई आणि भुरी. लग्न दोघांचंही राहून गेलेलं.

तीन महिन्यांपूर्वी भुरीच्या फिटवरच्या गोळ्या पुन्हा महागल्या. "माझं शिवणयंत्र विकून टाक," ताई म्हणाली होती. "आता सुईत दोरा तरी कुठे ओवता येतो मला?" मास्तर पटकन बोलून गेले, "काही नको. एक स्वस्त दुकान सापडलंय मला."

दुकान सापडलं नव्हतं. मास्तरांनी ते शोधलंही नव्हतं. नेहमीच्याच ठिकाणाहून ते निम्म्या गोळ्या आणू लागले आणि मोरीजवळ उभं राहून ब्लेडने एकेकीचे दोन भाग करू लागले. हात इतका सरावलेला, की दोन्ही भागांत कणभर फरक पडत नसे. त्याचं त्यांना बरंही वाटे. पंधरा दिवसांत पहिली फिट आली तेव्हा ते म्हणाले, हवा बदललीये. दुसरी आली तेव्हा ठरवलं, पुढच्या महिन्यापासून पूर्ण गोळी. ताई प्रत्येक फिट कॅलेंडरवर लिहून ठेवत होती. नऊ झाल्या होत्या.

"नाव आठवत नाही," मास्तर म्हणाले.

"बरं. समजा गोळी खरी आहे," डॉक्टर ताईकडे वळल्या. "मग रोज दोन पूर्ण गोळ्या जाऊनही नऊ फिट. याचा अर्थ आजार औषधाला दाद देत नाही. डोळे गेले, उद्या आणखी काही जाईल. अशा वेळी मी इंजेक्शन सुचवते. झोपेतच जाईल ती. त्रास होणार नाही."

ताईने भुरीचा कान दोन बोटांत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"हाल नकोत तिचे," ती म्हणाली. "सही कुठे करायची?"

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. ताई पिशवीत चष्मा शोधू लागली.

"पूर्ण गोळी जात नाही तिला," मास्तर म्हणाले. "अर्धी देतोय मी. तीन महिने झाले. दुकान वगैरे काही नाही."

ताईचा हात पिशवीतच राहिला.

"दोन्ही वेळा अर्धी?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन्ही वेळा."

डॉक्टरांनी कागद परत ओढून घेतला. "मला का नाही सांगितलंत? परवडत नाही, एवढंच म्हणायचं होतं."

"लाज वाटली."

"अहो, माणसांच्या फिटवरही हीच गोळी देतात. मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या दुकानात कंपनीच्या नव्हे, औषधाच्या साध्या नावाने मिळते, कितीतरी स्वस्त. पहिल्याच दिवशी लिहून दिली असती." त्यांनी नव्या चिठ्ठीवर नाव आणि डोस लिहिला. "हीच आणा, मनाने दुसरी कुठली नको. फिट आटोक्यात येतील असं वाटतं. नजरेचं मात्र काही सांगता येत नाही."

हॉस्पिटल दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर होतं. मास्तर रोज त्याच रस्त्याने बाजारात जात. दुकानदाराने चिठ्ठी पाहून मिनिटभरात पाकीट समोर ठेवलं. ताई चादरीत गुंडाळलेल्या भुरीला घेऊन पायरीवर उभी होती.

"शेजारणीला सांगते इथला पत्ता," ती म्हणाली. "तिच्या डॉक्टरने लिहून दिलं तर मिळेल तिलाही."

थोडं चालल्यावर म्हणाली, "यंत्र विकलं असतं तर मी काही मेले नसते."

"ताई..."

"जन्मभर लोकांचे काटे तपासलेस. आणि घरात, मुक्या जिवाला काटा मारलास." आवाज चढलेला नव्हता.

"यापुढे गोळी मी देईन," घरी आल्या आल्या तिने सांगितलं.

रात्री आठ वाजता तिने भुरीला हाक मारली. भुरी उठली, स्टुलाला धडकली, तशीच वळली आणि वास घेत मास्तरांच्या खुर्चीपाशी जाऊन बसली. त्यांचा मोकळा तळहात तिने नाकाने हुंगला, मग चाटायला लागली. मास्तरांना हात मागे घेता येईना. ताईने तिला आणखी दोनदा बोलावलं. मग ती स्वतःच उठून आली आणि एक अख्खी गोळी भावाच्या तळहातावर ठेवली.

"दे," ती म्हणाली.

आणि भुरीने गोळी गिळेपर्यंत ती तिथेच उभी राहून भावाच्या हाताकडे बघत राहिली.