लिंडेनरोटच्या मैदानावरचा गुणफलक

अहो, इकडे कुंपणापाशी बघा. मी बोलतोय, लिंडेनरोट गावच्या फुटबॉल मैदानावरचा गुणफलक. मला ना वीज, ना दिवे. हिरव्या रंगाची फळी, दोन खिळे आणि त्यांवर टांगायचे पत्र्याचे आकडे, एवढाच माझा संसार.

गावातल्या सुतारानं गोठ्याच्या जुन्या दारातून मला घडवलं. उन्हात तापलो की अजून मला गाईंचा वास येतो. आकडे टांगायचं काम वाल्ट्राउडचं. ती सामन्याच्या दिवशी सॉसेज भाजते आणि गोल झाला की चिमटा हातात धरूनच शिडी चढते. माझ्या कडेला चरबीचे डाग पडलेत ते त्यामुळेच.

या हंगामात सगळं गाव धास्तावलेलं होतं. शेवटचे दोन संघ खालच्या श्रेणीत जाणार होते. त्यात आपण आलो, तर क्लब शेजारच्या मोठ्या गावाच्या क्लबात विलीन करायचा, असं सभेत ठरून गेलं होतं. म्हणजे हे मैदान कायमचं बंद.

आम्ही हरतच होतो. जिंकलो ते फक्त शेजारच्याच छोट्या ग्राउबाख गावाशी, त्यांच्याकडे आणि आपल्याकडेही. आपल्याकडच्या सामन्याच्या रविवारी माझ्यावर चार-एक झळकत होतं, आणि हरलेले ग्राउबाखवालेच बिअर पीत सगळ्यांत मोठ्यानं गात होते. त्या दोन विजयांच्या जोरावर आम्ही तळापासून तिसरे होतो. वाचलो होतो!

एवढ्यावर थांबायचं ना? पण हिवाळी सुट्टीआधीच्या शेवटच्या सामन्यानंतर क्लबचा अध्यक्ष गिसबेर्ट माझ्याखाली उभा राहिला.

"वाल्ली, ऐकलंस का? ग्राउबाखचा गोलकीपर आणि तो डावखुरा, दोघंही आपल्याकडे येतायत."

"अरे, त्यांचे मुळात अकरा जेमतेम भरतात!"

"तो त्यांचा प्रश्न."

"आणि त्यांचा संघच मोडला तर?"

"माहेरचा पुळका आलाय तुला! जा, सॉसेज करपतायत तुझे."

वाल्ट्राउड ग्राउबाखची लेक. ती चिडून निघून गेली.

मला नियम ठाऊक होता. माझ्या सावलीत पंच गप्पा मारतात, त्यातून ऐकलेला. हंगाम अर्धवट सोडणाऱ्या संघाचे सगळे सामने पुसले जातात, जणू खेळलेच गेले नाहीत. गिसबेर्टलाही तो ठाऊक असणारच. पण शेजाऱ्याचा गोलकीपर पळवण्याच्या आनंदात कुणाला नियम आठवतो? मला ओरडावंसं वाटलं. फळीला तोंड कुठलं!

मार्च उजाडला आणि ग्राउबाखनं माघार घेतली. अकरा जण जमेनात. आमचे दोन्ही विजय पुसले गेले. आमच्या मागचा संघ ग्राउबाखकडून हरलाच होता, त्याचं काय जाणार? तो आमच्या पुढे सरकला आणि आम्ही शेवटच्या दोनांत आलो.

"म्हणजे तो सामना झालाच नाही?" वाल्ट्राउडनं विचारलं.

"नियमानं नाही," गिसबेर्ट पुटपुटला.

"मग मी पाच वेळा शिडी चढले ती काय हवा खायला?"

गिसबेर्ट बुटानं चिखल उकरत राहिला. "तू म्हणाली होतीस, वाल्ली," तो म्हणाला.

शेवटच्या सामन्यात पळवून आणलेल्या त्या गोलकीपरनं जिवाचं रान केलं. बरोबरी झाली. जिंकणं भाग होतं.

आता गोलपोस्ट ट्रॅक्टरवरून शेजारच्या गावी गेलेत. गवत माझ्या कमरेपर्यंत आलंय. ग्राउबाखच्या मैदानात मका लावलाय म्हणे. दोन गावं, दोन्ही मुकी. समोर उभं राहायला कुणी उरलंच नाही, तर आपण जिंकणार तरी कुणाशी? हे साधं गणित कळायला माणसांना एवढा उशीर का लागतो, मला कळत नाही.

तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी फळी असेल. तिच्याखाली उभं राहून शेजाऱ्याचं काही ठरवणार असाल, तर एवढं करा. आधी शेजाऱ्याला बोलवा. आम्हाला सगळं ऐकू येतं हो, पण तुम्हाला अडवता येत नाही.